तुझ्यात जिगर कमी नाही भो, तुला खालून उठता येत नाही

पाचोरा तालुक्यातून एका फायटरचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणून विनंती आहे म्हणून छापत नाही. पत्र मोठं आहे, कामाचं तेवढं देतो.

"दादा, मी २५ वर्षांचा आहे. शाळेपासून वुशू आणि त्यातला लढतीचा प्रकार सांडा खेळलो, मग एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये आलो. पाच प्रो फाईट झाल्या. पहिल्या तीन जिंकलो. चौथ्या फाईटला समोरच्याने दुसऱ्या राउंडमध्ये पट काढून, म्हणजे पाय धरून, खाली घेतलं आणि वरून इतकं मारलं की रेफ्रीने थांबवली. पाचव्या फाईटला मला काही लागलं नाही, पण मी मारलंच नाही, तिन्ही राउंड मागे मागे फिरत राहिलो आणि जजचा डिसिजन माझ्या विरोधात गेला. जिममध्ये स्पारिंगला मी सगळ्यांना भारी पडतो, केजमध्ये, म्हणजे जाळीच्या रिंगणात, गेलो की हातच सुटत नाही. कोच म्हणतात तुझ्या डोक्यात प्रॉब्लेम आहे. गावात सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं, पारावरची पोरं म्हणतात पळत होता. वडिलांनी कपाशीच्या पैशातून माझा सगळा खर्च केला. चौथ्या फाईटपासून अधूनमधून डोकं दुखतं, पण ते एवढं काही नाही. आता मे महिन्यात एक फाईट मिळतेय, ६६ किलोला, माझं वजन आत्ता ७६ आहे. कोच हो म्हण म्हणतात. माझ्यात जिगरच नाही का? सोडून देऊ का?"

भाऊ, तू विचारलेल्या प्रश्नाच्या आधी मी त्या डोकेदुखीवर बोलणार. "ते एवढं काही नाही" हे तू ठरवायचं नाही, डॉक्टरने ठरवायचं. वरून मार खाऊन फाईट थांबली, आणि तेव्हापासून डोकं दुखतंय, म्हणजे मेंदूला मार बसलेला असू शकतो आणि तो पूर्ण बरा झालेला नसू शकतो. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे कॉलेजचं आहे, जिथे जमेल तिथे या आठवड्यात जा, न्यूरोचे डॉक्टर असतील तर त्यांना दाखव, आणि फाईटचं सगळं खरं खरं सांग, नुसतं "डोकं दुखतं" म्हणून गोळी घेऊन येऊ नको. चक्कर येते का, उजेडाचा त्रास होतो का, झोप उडालीय का, उगाच चिडचिड होते का, बोलताना शब्द पटकन सापडत नाही असं होतं का, हे घरच्यांना पण विचार, कारण आपल्याला आपलं कळत नाही, आईला आधी कळतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत डोक्याला एकही फटका नाही, हलकं स्पारिंग पण नाही. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर जिवावर बेतू शकतं, यात मी जरा पण वाढवून सांगत नाहीये. आणि एक गोष्ट लक्षात घे, मेंदूला मार बसल्यावर प्रतिक्रिया मंद होते, समोरचा दिसतो पण हात उशिरा निघतो, तेव्हा तुझा हात न सुटण्यामागे थोडंफार हे पण असेल. ते तपासल्याशिवाय कोणी तुला भित्रा म्हणायचा प्रश्नच येत नाही.

आता तुझ्या प्रश्नावर येतो. तुझ्या पाचव्या फाईटचं वर्णन वाचून मला जिगर कमी असलेला पोरगा दिसला नाही. मला असा फायटर दिसला ज्याला माहितीये की मी किक मारली तर एका पायावर उभा असणार, तो पाय समोरचा पकडणार, मी खाली जाणार, आणि खाली गेलो की माझ्याकडे काहीच उत्तर नाही. हा हिशोब तुझं डोकं दर सेकंदाला करतंय आणि खरं सांगू का, हिशोब बरोबर आहे. उत्तर नसताना हात सोडला असतास तर तो वेडेपणा झाला असता. सावध असणं हा दोष मानायचा नसतो, कित्येक चांगले फायटर सावध आहेत. तुझी अडचण अशी आहे की तुझ्या सावधपणाच्या मागे काही उभं नाहीये. कोच म्हणतात डोक्यात प्रॉब्लेम आहे, मी म्हणतो निम्म्याहून जास्त प्रॉब्लेम जमिनीवर आहे आणि तो जमिनीवर सुटला की डोक्यातला आपोआप हलका होतो.

हे कुठून आलं ते बघ. तू सांडातून आलास. सांडात फेकलं की पॉइंट आणि रेफ्री दोघांना उभं करतो, जमिनीवर खेळ नाहीच. म्हणजे लहानपणापासून तुझ्या अंगात एकच बसलंय, पडलो की ते प्रकरण संपलं. एमएमएमध्ये पडलो की तिथून सुरू होतं. दुसरं, सांडाचा मंच उंच असतो, त्याला भिंत नाही जाळी नाही, कडेला गेलो तर खाली पडायची भीती, पण पाठीमागे काही लागत नाही. केजमध्ये मागे मागे गेलास की पाठ जाळीला लागते आणि तिथून पुढे तुला कोणी शिकवलेलंच नाही. तिसरं, सांडाचे राउंड दोन मिनिटांचे, प्रो एमएमएचा राउंड पाच मिनिटांचा, त्यामुळे दम पुरेल का ही एक शंका कायम मनात, म्हणून पण माणूस राखून खेळतो. या तिन्ही गोष्टी तंत्राच्या आहेत भो. यात तुझ्या काळजाचा काही संबंध नाही.

एमएमएतल्या फ्रान्सिस एनगानूचं उदाहरण घे, एवढा राक्षसी ताकदीचा हेवीवेट. जानेवारी २०१८ मध्ये स्टिपे मिओचिचने त्याला पाच राउंड दमवलं, पुन्हा पुन्हा खाली पाडलं, डिसिजनवर हरवलं. त्यानंतर जुलैमध्ये डेरिक लुईसबरोबर फाईट झाली आणि तीन राउंडमध्ये, म्हणजे पंधरा मिनिटांत, एनगानूचे मोजण्यासारखे फटके लागले ११, लुईसचे २०. लोकांनी हुर्यो उडवली. नंतर तो स्वतःच म्हणाला की आधीच्या फाईटची भीती मी यात घेऊन आलो होतो. आता विचार कर, त्याच्या हातात ताकद कमी झाली होती का? नोव्हेंबर २०१८ मध्ये त्याने कर्टिस ब्लेड्सला ४५ सेकंदांत संपवलं. आणि मार्च २०२१ मध्ये परत मिओचिच समोर आला तेव्हा पहिल्याच राउंडमध्ये मिओचिच पायाला आला, एनगानूने कंबर मागे टाकून तो अडवला, वरून फटके दिले, आणि दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट करून बेल्ट घेतला. मला या सगळ्यात तो अडवलेला टेकडाउन, म्हणजे खाली पाडायचा डाव, सगळ्यात मोठा वाटतो. ज्या गोष्टीने त्याला २०१८ मध्ये खाल्लं होतं तिचं उत्तर त्याच्या अंगात बसलं होतं, म्हणून हात मोकळा सुटला.

तर काम काय करायचं. डॉक्टरने परवानगी दिली की सुरुवात खालून करायची, शब्दशः खालून. पार्टनर वर, तू खाली, मारामारी नाही, तो शंभर टक्के दाबून धरणार आणि तू उठणार. एकेक मिनिटाचे राउंड. पाठ सपाट पडू द्यायची नाही, कुशीवर यायचं, समोरच्याच्या काखेत हात घालायचा म्हणजे अंडरहूक, डोकं त्याच्या हनुवटीखाली, कंबर सरकवत सरकवत जाळीकडे जायचं, जाळीला पाठ लागली की बसतं व्हायचं, एक पाय दुमडून खाली घ्यायचा, एका हाताने त्याचं मनगट धरायचं आणि पाठ जाळीला घासत उभं राहायचं. जाळीत बोटं अडकवायची नाहीत, ते फाऊल आहे. उभं राहिल्यावर पण काम संपत नाही, त्याचे हात कंबरेवरून सोडवून तोंड फिरवून बाहेर पडलास तरच उठलास असं मोज. हे रोज. कंटाळा येईल, अंग सोलेल, पण कुठल्याही मोटिव्हेशनच्या व्हिडिओने जे होणार नाही ते याने होईल, कारण एक दिवस असा येईल की पार्टनर तुला पाडेल आणि तुझ्या मनात काहीच होणार नाही. त्या दिवसानंतर तुझ्या किक बघ.

यात एक धोका सांगतो. आपल्याकडची बरीच पोरं तालमीत शिकतात की पाठ टेकली की चितपट, म्हणून पाडलं की लगेच पालथी होतात. कुस्तीत ते बरोबर आहे. एमएमएमध्ये पालथा झालास की समोरचा पाठीवर बसतो, पाय अडकवतो आणि गळा धरतो. तेव्हा तालमीत जा, जरूर जा, पण उठायची सवय तिथली उचलू नको, ती जिममध्ये जाळीपाशीच शिक.

तालमीत जायचं ते पट अडवायला. तू म्हणतोस जिममध्ये सगळ्यांना भारी पडतो, पण मला सांग, तुझ्या जिममध्ये खरा पट काढणारा कोण आहे? तीच चार-पाच पोरं, तुझी किक त्यांना माहिती, त्यांचा हात तुला माहिती, कोणी कोणाला जिवावर उदार होऊन पाडत नाही. तिथे तू निर्धास्त आहेस म्हणून हात सुटतो. तुझ्यापासून एका रेल्वेगाडीच्या अंतरावर चाळीसगाव आहे, त्या तालुक्यातले विजय चौधरी २०१४, २०१५, २०१६ असे लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झाले. कुस्ती आपल्या भागात कमी नाही. आठवड्यातून दोन दिवस कुठल्यातरी वस्तादांच्या पाया पडून सांग की मला फक्त एकेरी आणि दुहेरी पट अडवायचाय, तुमची पोरं माझ्यावर सोडा. सुरुवातीला तुला दहापैकी नऊ वेळा पाडतील. पाडू दे.

आता उभ्याने काय चुकतंय. तू सरळ रेषेत मागे जातोस, हे तू लिहिलं नाहीस पण "मागे मागे फिरत राहिलो" म्हणजे दुसरं काही नसतं. वजन मागच्या पायावर गेलं की पुढे ढकलायला पाय उरत नाही, तेव्हा मारावंसं वाटलं तरी मारता येत नाही, आणि मग वाटतं की हिंमत झाली नाही. जिममध्ये जाळीपासून दोन हात अंतरावर जमिनीवर रंगीत टेप लाव. टाच टेपला लागली की मागे जायचं बंद, बाजूला निघायचं आणि निघताना एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किंवा लो किक (समोरच्याच्या पायावर लाथ) सोडायचीच. त्याचा भारी हात उजवा असेल तर त्या हाताच्या दिशेने फिरायचं नाही, एवढं सोपं ठेव. दुसरं म्हणजे तुझं हात वर करून झाकून घेणं. स्पारिंगला १६ औंसचे ग्लोव्ह असतात, ते नुसते तोंडापुढे धरले तरी अर्धा मार अडतो. फाईटला ४ औंसचे, मधून सगळं आत येतं. जिममध्ये जो गार्ड तुला वाचवतो तो केजमध्ये वाचवत नाही आणि हे तुझ्या अंगाला पहिल्याच फटक्यात कळतं, मग तू आणखी आक्रसतोस. झाकून थांबणं सोड, पाय हलव नाहीतर पकड घे.

आणि तुझी सगळ्यात मोठी चूक, तू वाट बघतोस पण समोरच्याकडून काही काढून घेत नाहीस. कुस्ती लागली की दोन पैलवान आधी खडाखडी करतात की नाही, हात लावतात, मान खेचतात, पाय पुढे करून मागे घेतात, बघणाऱ्याला वाटतं वेळ घालवतायत पण त्यात एकमेकांचं सगळं माप निघतं. तुझ्या फाईटला खडाखडी पाहिजे. हूल दे. खांदा हलव, पाय उचलून खाली ठेव, जॅब अर्धा काढून परत घे. तो हात वर करतो का, मागे जातो का, लगेच पट काढायला खाली वाकतो का, हे बघ. तीन-चार हुलीत त्याची सवय कळते आणि मग मारायला धाडस लागत नाही, कारण तू अंधारात मारत नाहीस. काउंटरवर, म्हणजे त्याने मारल्यावर उलट मारून, खेळायचं असेल तरी आमिष टाकावं लागतं. समोरचा पण थांबणारा निघाला तर काय होतं ते मार्च २०२० मध्ये ॲडेसान्या आणि रोमेरोच्या फाईटला सगळ्यांनी बघितलंय, दोघेही बेल्टसाठी उभे आणि दोघेही एकमेकांची वाट बघतायत, पब्लिक ओरडतंय. ॲडेसान्या जिंकला ते लो किक चालू ठेवल्या म्हणून, नुसतं थांबून जिंकला नाही. आणि जे मारशील ते एकटं मारू नको, जॅबच्या मागे लो किक, नाहीतर मागच्या हाताचा क्रॉस आणि बाजूला. एकच फटका मारून थांबलास की दुसऱ्या राउंडपर्यंत समोरच्याला तुझा टायमिंग पाठ झालेला असतो.

डिसिजन का गेला हे पण समजून घे, नाहीतर मनात राहील की मला लागलं नव्हतं तरी हरवलं. जज आधी बघतात फटके आणि पकडीचा परिणाम कोणाचा जास्त. ते अगदी समसमान असेल तरच आक्रमकता बघायची, ते पण समान असेल तर केजचा ताबा कोणाकडे होता ते. तू मारलंच नाहीस तर त्याचे पाच फटके पण जास्त ठरतात, आणि काहीच झालं नाही असा राउंड पुढे चालणाऱ्याकडे जातो. नुसतं लागू न देण्याला मार्क नाहीत. उलट लढणं टाळत राहिलास तर रेफ्री भित्रेपणाचं फाऊल पण देऊ शकतो, तो नियमात आहे. तीनच राउंड असतात, पहिला बघण्यात घालवला तर पुढचे दोन्ही जिंकावेच लागतात, आणि ते दडपण तुझ्यासारख्या सावध माणसाला आणखी बांधून टाकतं.

मग डोक्याचं काहीच नाही का? आहे ना. पण "डोक्यात प्रॉब्लेम" असं गोळाबेरीज बोलून काही होत नाही, कोचने पण असं बोलू नये, पोरगा त्यातून फक्त स्वतःवर शंका घ्यायला शिकतो. वही घे आणि लिही की नेमकं कशाला भितोस. लागण्याला? दमण्याला? का हरताना दिसण्याला? तुझ्या पूर्ण पत्रात "गावात" हा शब्द सात वेळा आलाय, "दुखलं" एकदाही नाही, डोकेदुखी पण तू शेवटी सरकवून दिलीस. मला वाटतं तुला मार खायची भीती नाहीच, तुला मोबाईलवर दिसायची भीती आहे. वडिलांचे पैसे, पारावरची पोरं, हे सगळं घेऊन तू केजमध्ये चढतोस. चौथ्या फाईटला लोकांनी तुला खाली पडून मार खाताना बघितलं, पाचव्याला तू ठरवलंस की तसं परत दिसायचं नाही, आणि तसा दिसला नाहीस पण, म्हणजे तू जे ठरवून गेलास ते केलंस. फक्त जिंकायचं ठरवून गेला नव्हतास.

वडिलांशी एकदा बसून बोल. पैशाचं स्पष्ट विचार, "नाना, मी हरलो तर चालेल का". माझा अंदाज आहे की ते तुझ्या हरण्याने नाही, तुझ्या गप्प बसण्याने जास्त काळजीत असतील. पारावरच्या पोरांना उत्तर द्यायची गरज नाही, त्यांच्यातला जो येईल त्याला जिममध्ये घेऊन जा आणि पाच मिनिटांचा एक राउंड पॅडवर मारायला लाव, रागाने नाही, खरंच दाखवायला की पाच मिनिटं म्हणजे काय असतं.

आणि सरावात मोजमाप बदल. कोचला सांग की दोन महिने लागलेले फटके मोजू नका, सोडलेले मोजा. हलक्या स्पारिंगमध्ये, हलक्या म्हणजे खरंच हलक्या, हाताने स्पर्श करायचा एवढ्याच, दर पाच सेकंदाला कोचने शिट्टी वाजवायची आणि शिट्टीवर काहीतरी निघालंच पाहिजे, हूल पण चालेल. राउंड सुरू झाला की पहिल्या दहा सेकंदांत पहिला हात तुझा, जॅब असो लो किक असो, लागो न लागो. पहिला हात सुटला की दुसरा सोपा जातो, हे तुला पहिल्या तीन फाईटवरून माहिती असेल. जोरजोरात स्पारिंग करून भीती जाते असं काही जण सांगतील, ऐकू नको, त्याने डोळे मिटायची सवय वाढते आणि तुझ्या डोक्याला आता ते परवडणार पण नाही.

सोडायचं का? रिपोर्टमध्ये डॉक्टर थांब म्हणाले तर थांब, तिथे वाद घालायचा नाही, आणि तसं झालं तर ती हार समजू नको. रिपोर्ट ठीक आला तर माझ्या मते सोडायचं काही कारण नाही. २५ वय आहे, तीन जिंकल्यात, आणि जे कमी आहे ते शिकवता येण्यासारखं आहे.

मे महिन्याची फाईट मात्र नाही. रिपोर्ट चांगला आला तरी नाही. ७६ वरून ६६ म्हणजे दहा किलो, आणि ते जळगाव जिल्ह्याच्या मे महिन्यात, जिथे पारा ४५ च्या वर जातो आणि नुसतं बसून माणूस सुकतो. पाणी तोडून वजन उतरवताना २०१५ मध्ये यांग जियान बिंग नावाचा चिनी फायटर मनिलाला फाईटच्या आदल्या दिवशी कोसळला आणि त्यातच गेला, त्यानंतर ती फाईट घेणाऱ्या वन चॅम्पियनशिप या संस्थेने पाणी तोडून वजन उतरवणंच बंद केलं. डोक्याला मार बसलेल्या माणसाने अंगातलं पाणी काढून परत डोक्यावर मार खायला जाणं हे मला कुठल्याही हिशोबात बसत नाही. शिवाय सुकून गेलास की तिसऱ्या राउंडला दम नसतो, तुला ते आधीच माहिती असतं, म्हणून पहिल्या राउंडपासून राखून खेळतोस, हे पण तुझ्या हात न सुटण्यातच मोज. वजनाचा वर्ग बदल, ७० किलोला खेळ, सावकाश जेवणावर ये, भाकरी-भाजी-डाळ-अंडी काही सोडायची गरज नाही, रोजच्या व्यायामात तीन-चार किलो आरामात जातील आणि उरलेलं शेवटच्या आठवड्यात पाणी न तोडता, मीठ आणि जेवण जरा आवरून बसतं.

कोचना हे सगळं तोंडावर सांगायला जड जात असेल तर हे उत्तरच वाचायला दे. प्रमोटरला आजच कळव म्हणजे त्यांना दुसरा माणूस शोधायला वेळ मिळेल, चार दिवस आधी नाही म्हणालास तर नाव खराब होतं, आत्ता म्हणालास तर होत नाही. दिवाळीनंतरची तारीख माग, ७० किलोला, आणि समोर कुस्तीवाला देत असतील तर नाही म्हणू नको.